चौऱ्यांशी कट्ट्यांचा जोडा

आमच्या तालुक्याचं नाव सडक अर्जुनी. नावातच सडक असलेला दुसरा तालुका महाराष्ट्रात असेल तर दाखवा. त्यामुळे शहरात ज्याला स्ट्रीटवेअर म्हणतात, त्या सडकेच्या कपड्यांवर पहिला हक्क आमचाच, हे आमच्या सौंदड गावच्या पोरांनी बरोबर ओळखलं.

सौंदडची स्ट्रीट म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 53. इथे स्टाइल मारायची तर दोन ट्रकांच्या मधल्या फटीत मारावी लागते. आमच्या पुतण्याने ती मारली. तो आणि त्याचा धाकटा भाऊ दोघेही मावतील असा गुडघ्यापर्यंतचा टी-शर्ट, भर मे महिन्यात डोक्यावर लोकरीची टोपी आणि गळ्यात जाडजूड साखळी. ओसरीवर बसलेल्या आबाजींनी ती साखळी निरखून पाहिली आणि विचारलं, "दावं तोडून आला का बे?"

पोराने रॅपर लावतात तसं नावामागे 'एमसी' लावल्याचं कळलं तेव्हा आबाजींना आधी आनंद झाला. मग म्हणाले, "एमसी झाला म्हनते, मंग एमएससी कवा होनार?"

पुतण्याने आमची हिप-हॉपची शिकवणी घेतली ती अशी. 11 ऑगस्ट 1973 या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्क याच्या बहिणीने पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट. शाळा सुरू होत होती आणि बहिणीला नवे कपडे घ्यायचे होते. त्या पार्टीत हिप-हॉप जन्मलं. म्हणजे ही कला मुळातच कपड्यांच्या खर्चापायी जन्माला आली. "मग काकाजी, मी जोड्यासाठी पैसे मागतो तर ती परंपरा झाली ना जी!" अशा मुद्द्यापुढे काका काय बोलणार?

जोड्याचा हिशोब मात्र आम्हीच केला. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन 'बिग बॉस'च्या घरात गेला आणि त्याच्या 80,000 रुपयांच्या जोड्याची देशभर चर्चा झाली. आता 2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. कट्टा 40 किलोचा. म्हणजे 84 कट्टे धान विकलं तर 79,598 रुपये हाती येतात. चौऱ्यांशीचा फेरा म्हणजे काय, हे कीर्तनात इतकी वर्षं ऐकून कळलं नव्हतं, ते त्या दिवशी कळलं. वरचे 402 रुपये कमी पडतात, पण लेस घेतली नाही तर तेवढे सुटतील. तसंही 1986 साली 'माय अॅडिडास' गाणाऱ्या रन-डीएमसीचे लोक लेस न लावताच बूट घालायचे. तुरुंगात कैद्याच्या बुटाची लेस काढून घेतात, तिथून ही तऱ्हा आली म्हणतात. सरकारी बोनसही जमेस धरून पाहिला. 2023-24 च्या खरिपात तो हेक्टरी 20,000 होता आणि मर्यादा दोन हेक्टरची. झाले 40,000. एका पायाची सोय झाली. दुसऱ्या पायासाठी आणखी एक खरीप थांबावं लागलं असतं.

तेव्हा पुतण्याने फर्स्ट कॉपी मागवली. पांढरीशुभ्र. पण आमचा गोंदिया हा धानाचा जिल्हा. ब्रॉन्क्समध्ये रोवणी नसते, त्यामुळे चिखलाचं काय करायचं हे हिप-हॉपने सांगून ठेवलेलं नाही. पोराने स्वतःच तोड काढली. धुऱ्यापर्यंत बूट घालून जायचं, धुऱ्यावर काढून पिशवीत ठेवायचे, अनवाणी बांधीत उतरायचं, दिवसभर परे लावायचे आणि पाय धुऊन पुन्हा बूट चढवून घरी यायचं. बुटांना ऊन लागलं नाही, सगळं ऊन पोराला लागलं.

पारावरची मंडळी हसून हसून बेजार. "हे का ध्यान!" त्यांच्या हसण्याला आम्हीही साथ दिली. तेवढ्यात आमच्या भागातल्या भाऊंची गाडी आली आणि सगळे अदबीने उभे राहिले.

भाऊ उतरले. गळ्यात सोन्याची साखळी, दोन्ही हातांत अंगठ्या, काळा चष्मा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली, देवाशपथ, पांढरे स्नीकर. मागे सात-आठ पोरांची टोळी. हिप-हॉपवाले तिला 'क्रू' म्हणतात. भाऊंनी दोन बोटं उंचावली, विरोधकांचा उद्धार केला. त्याला 'डिस' म्हणतात. एकच ओळ चार वेळा फिरवून म्हटली. तिला 'हूक' म्हणतात. जमाव डुलला. आमच्या ध्यानात आलं की सौंदड परिसरात हिप-हॉप कधीचंच आलेलं आहे. पारावर हसू फक्त बिनगाडीच्या रॅपरचं होतं.

खरं तर झाडीपट्टीला हा प्रकार नवा नाहीच. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार उभी राहते, खडी गंमत रात्र जागवते. खडी गंमतीतला सोंगाड्या पाटलाच्या तोंडावर पाटलाची उतरवायचा, तीही हातात कागद न घेता. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात तर दोन शाहिरांनी एकमेकांना कवनांनी धुवून काढायचं. पोरं याला 'फ्रीस्टाइल बॅटल' म्हणतात, एवढाच फरक. आबाजी तरुणपणी खडी गंमतीत होते. तेव्हा अंगावर बायकोचं लुगडं असायचं. ओव्हरसाइज ते, हे नव्हे.

2023 साल मात्र नीट आठवून पाहा. फेब्रुवारीत एमसी स्टॅन 'बिग बॉस' जिंकला. त्यानेही आधी वस्तीतलं जगणं गायलं होतं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो जोडा. एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅपरवर गुन्हा दाखल झाला. त्याने गाण्यात राजकारणातल्या पैशांच्या खोक्यांचा विषय काढला होता. खोकं दोघांकडेही होतं. बुटाच्या खोक्याला ट्रॉफी मिळाली, दुसऱ्याला कलमं लागली. एवढा स्पष्ट अभ्यासक्रम विद्यापीठालाही काढता येत नाही.

आमच्या पोराने तो वाचला नव्हता. यंदाच्या मंडईत, दंडार संपल्यावर तो माईक घेऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं, आता मुंबईच्या चाळी आणि गोळीबार ऐकावा लागणार. पण गडी लागला धानावर. बारदाना संपला म्हणून परत आलेला ट्रॅक्टर, काट्यावर प्रत्येक कट्ट्यामागे कापलेला किलो, खात्यात यायचं राहिलेलं बिल आणि सगळ्यांच्या पायातल्या भेगा. पहिल्याच कडव्याला बाया हसल्या, दुसऱ्याला रडल्या. आबाजी काठी आपटून ताल धरत होते.

सकाळी पारावरची तीच मंडळी घरी हजर. कालपर्यंत बुटाला हसणारे. म्हणाले, "बूट राहू द्या जी, टोपीही राहू द्या, पोरगं शोभते. फक्त तेवढं गाणं नको."

संध्याकाळी भाऊंचा माणूस आला. हातात खोकं. आत जोडा, ओरिजिनल, बिलासकट. निरोप असा की भाऊंना पोराची कला फार आवडली, कलावंताची कदर झाली पाहिजे, आणि निवडणुकीचं गाणंही पोरानेच करावं. चाल हीच ठेवा, ट्रॅक्टर तेवढा काढा.

गाणं झालं. तालुकाभर रिक्षावर वाजतं आहे. धान त्यातही आहे, पण आता ते भाऊंच्या कृपेने डोलतं.

पुतण्या नवा जोडा घालून ओसरीवर आला. भाऊंच्या माणसाने दुकानातल्यासारखी लेस घट्ट ओवून, गाठ मारून दिली होती. आबाजींनी चष्मा पुसला, वाकून गाठ पाहिली आणि म्हणाले, "हं. आता बांधलं दावं."