जातुकर्णी नीलकंठ उदुंबर

भवभूतीच्या आईचं नाव जातुकर्णी. हे नाव मी चारचौघांत काढलं की ऐकणारा आधी चहाचा कप खाली ठेवतो, मग "पुन्हा एकदा सांगा" म्हणतो आणि पुन्हा सांगितलं की धानाच्या भावावर बोलू लागतो. बाकीच्या महाराष्ट्रात असं झालं तर समजू शकतो. गोंदिया जिल्ह्यात होऊ नये. भवभूती आमचा माणूस. आपलं घराणं पद्मपूरचं, असं तो स्वतःच नाटकात सांगतो, आणि ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. आमगावात भवभूतीच्या नावाचं महाविद्यालय आहे. मुलाच्या नावाने पोरं पदवीधर होतात, आणि ज्या माउलीने त्याला न्हाऊमाखू घातलं तिच्या नावाची एक पोर, एक गल्ली, एक बचतगट माझ्या पाहण्यात नाही.

या बाईचं नाव आपल्याला कळलं तेच मुळी नवल आहे. कालिदासाने एवढं लिहिलं, पण आपल्या आईबापांचा पत्ता कुणाला लागू दिला नाही. भवभूतीचा स्वभाव वेगळा. 'महावीरचरित' आणि 'मालतीमाधव' या नाटकांच्या सुरुवातीला सूत्रधाराच्या तोंडून त्याने अख्खा बायोडाटा सांगून टाकला आहे. गोत्र काश्यप, शाखा तैत्तिरीय, कुळ उदुंबर, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. उंची आणि रंग तेवढे राहिले, नाहीतर स्थळ म्हणून दाखवायला हरकत नव्हती. हे सगळं आठव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्या काळी आईचं नाव जाहीर सांगायला कुठला शासन निर्णय नव्हता.

आता आहे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावाची सरकारी कागदावरची मांडणी अशी असेल : आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. (योगायोग असा की आमचा जिल्हाही १ मेचाच. १९९९ साली याच तारखेला तो भंडाऱ्यातून वेगळा झाला.) या नियमाने भवभूतीचा दाखला काढायला गेलो, तर टीकाकार त्याचं मूळ नाव श्रीकंठ सांगतात, म्हणून कागदावर येईल : श्रीकंठ जातुकर्णी नीलकंठ उदुंबर. सेतू केंद्रातल्या मुलाने चारही रकाने न विचारता भरावेत इतकं हे चोख आहे. सरकारला जे २०२४ मध्ये सुचलं ते आमच्या पदमपूरकराने आधीच भरून ठेवलं होतं.

पण आपला विषय मुलगा नाही, मुलगी. समजा आमगावात एखाद्या पोरीचं नाव जातुकर्णी ठेवायचं ठरलं. मी हा प्रस्ताव ओळखीपाळखीत फिरवून पाहिला आहे. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून आधी एका आत्याचं मत घेतलं. ती म्हणाली, "काय बाप्पा हे नाव! पोरीले हाक मारू का मंत्र म्हणू?" एका गुरुजींना नाव पटलं, पण त्यांनी अडचण दाखवली. पोरं नाव तोडणार, जातू करणार, आणि मग गुरुजींनी "जातू" म्हटलं की पोरगी दप्तर उचलून घरी निघणार. ग्रामपंचायतीतल्या एका ओळखीच्या माणसाने कागदावरची पहिली दोनच अक्षरं वाचली आणि जातीच्या दाखल्याचा अर्ज पुढे केला.

एका तरुण आईने मात्र सरळ विचारलं, "काका, याच्यापेक्षा आर्वी काय वाईट?" वाईट काहीच नाही. मात्र आर्वी म्हटलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना वर्धा जिल्ह्यातलं गाव आठवतं आणि पोर कुणाकडे पाहुणी आली आहे काय, असं त्या विचारतात. हल्ली अंगणवाडीत हजेरी ऐकली तर किआरा, अन्वी, त्रिशा, इनाया. सगळी नावं गोड, सगळी दोनतीन अक्षरी, आणि एकीला हाक मारली की चौघी वळतात.

जुन्या नावांचं म्हणाल तर आमच्या भागात त्यांचा तोटा नव्हता. पंचफुला, शेवंता, भागरता, फुलवंता. पुस्तकला हे नाव तर मला आजही थक्क करतं. ज्या घरात पुस्तक नावाची वस्तू नसेल, त्या घरात कुणीतरी मुलीचं नाव पुस्तकला ठेवलं, यापुढे साहित्य संमेलनाचा ठराव फिका आहे. दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली कचराबाई होती, आणि दृष्टीचा प्रश्नच नव्हता अशीही नावं होती. साताऱ्याकडे नकोशी झालेल्या मुलींना 'नकुशी' म्हणत. २०११ साली जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलली. बदलताना मुलींनी काय निवडलं, तर काही जणींनी सिनेमातल्या नट्यांची नावं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

पण पंचफुला काय नि पुस्तकला काय, आज पाळण्यात पडत नाहीत याचं कारण नावात नाही. प्रत्येक घरात त्या नावाची कुणीतरी सासू, आजेसासू, चुलतसासू होऊन गेलेली असते आणि सुनेला ती चांगली आठवते. "शेवंता? नाही हो, आमच्या आत्याबाईंचं नाव ते!" इथे जातुकर्णीचा खरा फायदा आहे. गेली तेराशे वर्षं या नावाच्या सासूने आपल्या ओळखीतल्या कुणाला छळलेलं नाही. इतकं कोरं जुनं नाव दुसरं मिळायचं नाही.

भवभूतीची बाकीची नावं घराघरांत पोचली, याचाही विचार करा. 'मालतीमाधव'ची नायिका मालती. आपल्या आईआजीच्या पिढीत दर वाड्यात एक मालती होती. 'उत्तररामचरिता'तली वासंती तशीच. सौदामिनी अजून अधूनमधून भेटते. कपालकुंडला, म्हणजे मालतीला बळी द्यायला निघालेली ती कापालिका, तिचंसुद्धा नाव बंकिमचंद्रांनी १८६६ मध्ये उचललं आणि आपल्या नायिकेला दिलं. म्हणजे नरबळीवाली खपली, आणि जन्मदाती राहिली.

त्याच 'उत्तररामचरिता'त तमसा आणि मुरला या नद्या बायका होऊन बोलतात. तमसा हे नाव मला फार आवडतं. आपल्याकडे नदीचं नाव मुलीला द्यायची रीत जुनीच आहे, पण त्यातही आम्ही आपल्या नद्या सोडून परक्यांच्या घेतो. गोदावरी, यमुना, भागीरथी गावोगाव, आणि जिच्या पाण्यावर भंडारा-गोंदियाची शेतं पिकतात त्या वैनगंगेचं नाव लावणारी मुलगी मला अजून भेटायची आहे. चुलबंद आणि गाढवी यांच्याबद्दल मी आग्रह धरणार नाही. इटियाडोहसारखं मोठं धरण पोटाशी धरूनही गाढवीला हा मान मिळणं कठीण दिसतं.

आता मधल्या नावाचा प्रश्न. पाश्चात्त्यांकडे मधलं नाव आईबाप हौसेने निवडतात, दहा नावं जुळवून पाहतात. आपल्याकडे ती मुभा नाही. मधलं नाव आधीच घरात वावरत असतं, कधी ओसरीवर बिडी ओढत असतं. त्यामुळे जुळणी करायची ती पहिल्या नावाचीच. मी करून पाहिली. जातुकर्णी टेकचंद, ठीक. जातुकर्णी हेमराज, भारदस्त. जातुकर्णी भाऊलाल, इथे जरा अडखळायला होतं, पण आमच्याकडे लाल, चंद, राम यांच्याशिवाय बाप मिळणं अवघड, तेव्हा चालवून घ्यावं. नव्या नियमाने आईचं नाव मध्ये आलं की खरी गंमत. आजच्या आया पूजा, नेहा, अश्विनी. जातुकर्णी पूजा राकेश असं लिहिलं की मोठ्या लाइनीच्या इंजिनाला छोट्या लाइनीचे दोन डबे जोडल्यासारखं वाटतं. छोटी लाइन गोंदियाकरांना समजावून सांगायला नको. जातुकर्णी पंचफुला हेमराज मात्र कानाला काय सुरेख लागतं! पण पंचफुला आज आजी आहे, आणि रकाना आईचा आहे.

लग्नानंतरचा पेच वेगळाच. शासन निर्णयाने विवाहित स्त्रीसाठी जुनीच पद्धत चालू ठेवली आहे, तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. बरीच घरं त्यापुढे जाऊन पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहितो. जातुकर्णीचा रफार तांदळात काढायचा म्हणजे ताट मोठं लागेल. आमच्या जिल्ह्यात तांदळाला काही कमी नाही, पण नवरदेव बहुधा घाम पुसून ताटात 'जान्हवी' लिहून मोकळा होईल. तेव्हा मुलीच्या बापाने बोलणीतच सांगून ठेवावं : हुंडा मिळणार नाही, नाव बदलणार नाही.

हे सगळं ऐकून एक संस्कृतचे अभ्यासक मला थांबवतात. जातुकर्णी हे पाळण्यातलं नाव नसावं, ते तिच्या माहेरच्या कुळावरून आलेलं असावं, जातूकर्ण्य नावाचे आचार्य वैदिक वाङ्मयात आहेतच, असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटतं. सातवाहनांकडे हीच रीत दिसते : गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. फरक इतकाच की गौतमीचं स्वतःचं नाव बलश्री होतं हे आपल्याला ठाऊक आहे, कारण तिने नाशिकच्या लेण्यात शिलालेख कोरवून घेतला. पदमपूरच्या बाईने शिलालेख कोरवला नाही, मुलगा वाढवला. म्हणजे आपल्या हाती आहे ते तिचं माहेरचं आडनाव. तसं असेल तर मला हे नाव आणखीच आवडतं. सासर उदुंबरांचं, नवरा नीलकंठ, मुलगा महाकवी, आणि बाई तेराशे वर्षं माहेरच्या नावाने ओळखली जाते. आजच्या मुली जोड-आडनाव लावतात तेव्हा नाक मुरडणाऱ्यांना हे दाखवायला हरकत नाही.

नावाचा हट्ट कुठवर जातो याचं एक उदाहरण आइसलँडचं आहे. तिथे नावांची सरकारी यादी असते. ब्लायर नावाच्या मुलीचं नाव व्याकरणाने पुल्लिंगी ठरवून नाकारलं गेलं आणि सरकारी कागदावर ती नुसती 'मुलगी' म्हणून वाढली. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती कोर्टात जिंकली. तिचं दुसरं नाव आईवरून आहे, ब्यर्कची लेक म्हणून. आपल्याकडे यादी नाही, समिती नाही. अडवणार तर फक्त आत्या.

पत्रिका पाहणाऱ्यांसाठी एक सोय सांगून ठेवतो. उत्तराषाढा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला 'जा' हे अक्षर येतं, रास मकर. जाई, जान्हवी, जागृती यांच्या रांगेत एकदा जातुकर्णीही म्हणून बघा, मोठ्याने, अंगणात उभं राहून. आणि घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. वर्षभरात नाव भरायला पैसे पडत नाहीत, आणि विलंब शुल्क भरून ते पंधरा वर्षांपर्यंत भरता येतं.