पहाटेची शुद्ध हवा

उन्हाळ्यातली धूळ निदान प्रामाणिक असते. ती डोळ्यांना दिसते, पोह्यांत पडते, दातांखाली करकरते आणि झाडू मारला की निमूट सुपलीत जाते. बीडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तापलेली हवा वर चढते आणि गावचा धूर सोबत घेऊन जाते. वावटळ आली की पदर-टोपी सावरून डोळे मिटायचे, इतकंच. पुढे पाऊस हवा धुऊन काढतो म्हणतात, पण आम्ही पडलो पर्जन्यछायेतली माणसं. सह्याद्रीवर मनसोक्त बरसून झाल्यावर जे उरतील ते ढग आमच्या वाट्याला. धूळ जरा बसतेय तोवर उघाड पडते.

परळीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे वैजनाथ आहे आणि औष्णिक वीज केंद्रही, त्यामुळे भस्म आणि राख दोन्हींची ददात नाही. आमची परळीची मावशी कुरडया घालायच्या आधी पंचांग बघत नाही, गच्चीवर जाऊन वारं कुठून सुटलंय ते बघते. 2015 च्या दुष्काळात पाणीच नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं. चिमण्या थंडावल्या, पण हंडा घेऊन टँकरमागे धावणाऱ्याला मान वर करून स्वच्छ आभाळ बघायला सवड कुठली!

खरी गंमत थंडीत. बीड बालाघाटाच्या पायथ्याला, खोलगट जागेत वसलंय. निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, उतारावरची गार, जड हवा घरंगळत खाली येते आणि गावात मुक्काम ठोकते. तिच्यावर उबदार हवेचा थर, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. वारंही पडलेलं असतं. मग चुलीचा, वीटभट्टीचा, सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या ट्रकांचा धूर जाणार कुठे? गावातलं गावातच राहतं. (एरवी बीडमधली कुठलीच गोष्ट गावात राहिल्याचं ऐकिवात नाही.) भल्या सकाळी मांजरसुंब्याचा घाट उतरताना कधी कधी घरं दिसतच नाहीत. दिसतो तो एक करडा, सपाट पट्टा. त्याला आम्ही कौतुकाने धुकं म्हणतो. त्यातले बारीक कण अडीच मायक्रॉनच्याही आतले, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे. ते ना करकरतात, ना सुपलीत येतात. थेट छातीत जाऊन बसतात.

आणि नेमक्या याच वेळी आमचं गाव आरोग्य कमवायला बाहेर पडतं. कानटोप्या, मफलरी, मुलाचे जुने स्वेटर बिंदुसरेच्या पुलाकडे निघतात. एक जण कठड्यापाशी उभा राहून कपालभाती करतो. त्याच्यापासून दहा पावलांवर पऱ्हाट्या, पुठ्ठे आणि सायकलचा टायर घालून शेकोटी पेटवलेली. हा जोर लावून श्वास बाहेर टाकतो, पण आत काय घेतो ते त्याच्या फुप्फुसांनाच ठाऊक.

मी एकदा या मंडळींना हे झाकणाचं शास्त्र समजावून सांगितलं. म्हटलं, ऊन चांगलं चढलं, जमीन तापली की हे झाकण उचलतं. थंडीपुरतं दुपारी फिरायला या, तीन-चारच्या सुमारास. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक निवृत्त गुरुजी मात्र मफलर सोडून पुन्हा घट्ट बांधत म्हणाले, "तुमचं शास्त्र बरोबर असंल हो. पण भर दुपारी आम्ही चौघं हात हलवत निघालो, तर गल्ली काय म्हणंल? सुनेनं बाहेर काढलं म्हणंल."