आत्ता कशाला आलात?

पाहुण्याने दारात चप्पल काढली रे काढली की अण्णा म्हणतात, "आत्ता कशाला आलात? महिनाभर आधी यायला हवं होतंत!" यात रागाचा लवलेश नसतो, उलट कीव असते. एवढं भाडं खर्चून, कसारा घाट चढून माणूस नाशकात आला आणि नेमका नको त्या महिन्यात आला, याचं अण्णांना मनापासून वाईट वाटतं.

असे अण्णा नाशकात गल्लोगल्ली सापडतात. ओझरच्या विमान कारखान्यातून, नाशिकरोडच्या प्रेसमधून, नाहीतर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. पहाटे कानटोपी घालून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाणारे आणि तिथे चालण्यापेक्षा उभं राहून बोलणारे. गोदावरीला 'गंगा' म्हणणारे. त्यांच्या डोक्यात एक नाशिक असतं. गार, हिरवं, गंगेला भरपूर पाणी असलेलं आणि द्वारका चौकात एकही ट्रक अडकून न पडलेलं. हे नाशिक वर्षातून कधीतरी अर्धा दिवस खरोखर दिसतं म्हणतात. त्या दिवशी पाहुणा आलेला नसतो.

मुंबईचा भाचा जूनच्या मध्यावर सहकुटुंब उतरला, धबधबे बघायला. अण्णा हसले. "अरे, जूनमध्ये कुठला धबधबा? दुगारवाडीला आत्ता गेलास तर दगड बघून येशील. जुलैअखेर ये." भाचा जुलैअखेर आला. तोवर पावसाने असा जोर धरला होता की धबधब्याच्या वाटेवर पोलीस उभे, पर्यटकांना बंदी. "तुला घाईच फार. श्रावणात यायचं!" भाचा चिवट निघाला, श्रावणातही आला. तो नेमका तिसरा सोमवार. "आज त्र्यंबकच्या रस्त्याला शहाणा माणूस लागतो का? ब्रह्मगिरीच्या फेरीला अख्खा महाराष्ट्र लोटलाय."

"मामा, तुम्ही किती वेळा केलीत हो फेरी?" भाच्याने विचारलं.

"छे, छे! त्या गर्दीत कोण जातंय?"

आतून काकूंचा आवाज आला, "ते गर्दी नसते तेव्हाही गेलेले नाहीत."

भाच्याच्या बायकोची तक्रार वेगळीच होती. इगतपुरीला गाडीच्या काचेतून काही दिसत नव्हतं इतका पाऊस आणि नाशकात शिरलो तर रस्ते कोरडे, हे काय? हा प्रश्न अण्णांना कोणी विचारला की ते खुर्चीत सावरून बसतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिथून तासाभराच्या रस्त्यावर नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि पुढे निफाडकडे त्याहून कमी. ढग घाटमाथ्यावरच सगळा रिकामा होतो, आम्हाला येतो तो उरलासुरला. हे अण्णा अशा थाटात सांगतात, जणू ही वाटणी त्यांच्याच सहीने झाली आहे.

पण अण्णांचा खरा हंगाम पुराचा. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की ते छत्री घेऊन होळकर पुलावर हजर. इतके हजार क्युसेक, तासाभराने आणखी इतके हजार, असा धावफलक ते सगळ्या नातेवाइकांना फोनवर पुरवतात. नाशकात पुराची मोजपट्टी म्हणजे नदीपात्रातला दुतोंड्या मारुती. पायाला पाणी लागलं तर नुसतं "पाणी आलं", कमरेला लागलं तर "पूर आला", छातीच्या वर गेलं की सराफ बाजारात दागिने उचलायची धावपळ. त्याहून वर नारोशंकराच्या देवळावरची घंटा. तिथवर पाणी गेलं म्हणजे महापूर. १९६९ चा पूर अण्णांनी वडिलांच्या खांद्यावरून पाहिला आणि २००८ चा स्वतःच्या गच्चीवरून. मधल्या आणि नंतरच्या पुरांना ते 'बरे होते' एवढंच म्हणतात. पूर बघायला म्हणून धावत आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतो. तोवर रामकुंडावर गाळ, दुकानदार पायऱ्या धुताहेत आणि मारुतीच्या गळ्यात कुठून तरी वाहून आलेली चिंधी. "काल संध्याकाळी सहाला यायला हवं होतंत," अण्णा घड्याळ दाखवत सांगतात.

द्राक्षांचं तर विचारूच नका. नागपूरची एक नातलग मंडळी दसऱ्याच्या सुट्टीत 'द्राक्षांच्या बागा' बघायला आली. अण्णांनी त्यांना पिंपळगावच्या वाटेवरच्या ओळखीच्या मळ्यात नेलं. तिथे नुकतीच गोडी छाटणी झालेली. म्हणजे एकरभर तारांवर तपकिरी काड्या. एकही पान नाही, द्राक्षाचं तर नावच नको. एक गडी बोटं पेस्टमध्ये बुडवून काडीच्या डोळ्यांना ती लावत चाललेला. मंडळी अर्धा तास काड्या बघत उभी. शेवटी धाकट्या मुलाने विचारलं, "द्राक्षं कुठेयत?" अण्णा म्हणाले, "आहेत ना, जानेवारी-फेब्रुवारीत!" आणि मंडळींकडे वळून जोडलं, "आम्ही तेव्हाच या म्हणत होतो." हे त्यांनी म्हटल्याचं कोणालाच आठवत नव्हतं.

होळीला येणाऱ्यांची फसगत ठरलेलीच. धुळवडीची सुट्टी साधून माणसं पांढरे कपडे आणि पिचकाऱ्या घेऊन येतात आणि बघतात तो काय, नाशकात रंगाचा पत्ता नाही. त्या दिवशी इथे वीर नाचतात. बाशिंग बांधलेला दाजिबा वीर मिरवत येतो आणि लोक दर्शनाला उभे राहतात. रंग खेळायचा तो रंगपंचमीला. त्या दिवशी पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. वर्षभर त्यावर फळ्या आणि माती, वरून रिक्षा धावतात, खाली काय आहे याची नवख्याला कल्पनाही नसते. रंगपंचमीला ती उघडायची, पूजा करायची, रंग कालवायचा आणि मग उंचावरून 'धप्पा' मारायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंध्याची पिवळी, शनी चौकातली गुलाबी. अंगावरचा रंग पुढे किती दिवस टिकतो ते नाशिककरांच्या कानामागे बघावं. अडचण एवढीच की रंगपंचमीला मुंबई-पुण्याच्या ऑफिसांना सुट्टी नसते. अण्णांच्या मते ही त्या ऑफिसांची चूक आहे.

पुण्याचे साडू मात्र पद्धतशीर माणूस. त्यांनी एकदा फोन करून थेट कोंडीत पकडलं. "अण्णा, तुम्हीच महिना सांगा. त्या महिन्याची तिकिटं काढतो."

अण्णांनी खिळ्यावरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. जानेवारी? नको. निफाडचा पारा खाली गेला की बागाईतदार द्राक्षं वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवतात, तिथे तुमच्या गुडघ्यांचं काय? फेब्रुवारीत द्राक्षं असतात, पण वाइनच्या जत्रेला मुंबईच्या गाड्या येतात, गंगापूर रोडला पाय ठेवायला जागा नसते. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. साडूंची नातवंडं अमेरिकेत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, पण पान उलटलेलं होतं. चैत्रातल्या कामदा एकादशीला रामाचा आणि गरुडाचा रथ निघतो, बघण्यासारखा. पण ऊन सोसेल का? मे महिना तर बोलूच नका. एके काळी मुंबईकर मेमध्ये हवापालटाला देवळालीला येऊन राहायचे, आता पारा चाळिशी ओलांडतो. २०१६ च्या उन्हाळ्यात तर रामकुंडच कोरडं पडलं होतं. जून ते सप्टेंबर आपण वर पाहिलंच. ऑक्टोबरला काड्या. डिसेंबरात लग्नसराई.

"मग नोव्हेंबर?" साडू.

अण्णा बराच वेळ गप्प. "नोव्हेंबरची हवा उत्तम. ना थंडी, ना ऊन. पाऊस संपलेला, डोंगर अजून हिरवे, गर्दी नाही."

"ठरलं तर!"

"पण तेव्हा नाशकात बघायला काही नसतं हो."

साडूंनी फोन ठेवला आणि मे महिन्यात कोणाच्या तरी लग्नाचं निमित्त काढून न सांगता येऊन थडकले. अण्णा हबकले. मग तीन दिवस त्यांचा एकच उद्योग. प्रत्येक गोष्ट दाखवायची आणि तिच्याबद्दल माफी मागायची. पहाटे पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना, "श्रावणात इथे ढग खाली येतात." काळ्या मसाल्याची मिसळ पापडासकट समोर आल्यावर, "ही खरी थंडीत खायची." गंगेवर संध्याकाळची आरती चालू असताना, "पाणी असतं ना, तर मजा होती." साडूंनी मिसळीवर दुसऱ्यांदा रस्सा मागवला, काळाराम मंदिराच्या काळ्या दगडी भिंतींना हात लावून पाहिला, जिलेबीची पिशवी घेतली आणि म्हणाले, "छान आहे हो नाशिक!" अण्णा दुखावले. त्यांचं म्हणणं, हे नाशिकच नव्हे. इतक्या वाईट दिवसांत ते कोणाला आवडलं म्हणजे त्या माणसाची पारखच बेताची.

काकू म्हणतात, यांना खरं तर पाहुणा पुन्हा यावा असं वाटतं. एकदाच सगळं बघून समाधानाने गेलेला माणूस परत कशाला येईल? असेलही. पण मला वाटतं, अण्णांना स्वतःलाच ते नाशिक एकदा बघायचंय आणि पाहुण्यांच्या निमित्ताने ते शोधताहेत.

सध्या त्यांची झोप उडाली आहे ती २०२७ च्या सिंहस्थाने. बाकी सगळ्या सहली त्यांनी मागेपुढे ढकलल्या, पण गुरू सिंह राशीत कधी जाणार यात त्यांचं काही चालत नाही. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, भर पावसाळ्यात. भाचा, नागपूरकर, साडू, सगळ्यांनी हॉलमधल्या गाद्या आत्तापासून नावावर लावून घेतल्या आहेत. "सिंहस्थात? आत्ता नका येऊ!" असं अण्णांनी सांगून पाहिलं. पुढचा बारा वर्षांनी, हे उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. शेवटी अण्णांनीच तोडगा काढला. ते महिने काकूंसह पुण्याला साडूंकडे जाऊन राहायचं आणि घराची किल्ली पाहुण्यांकडे द्यायची. त्यांनी लगेच साडूंना फोन लावला. पुण्याला यायला कोणता महिना चांगला?

"आमच्याकडे काय, बारा महिने सारखेच," साडू म्हणाले. "कधीही या."

फोन ठेवून अण्णा काकूंना म्हणाले, "कधीही या म्हणे! गावाबद्दल काही प्रेम असतं की नाही माणसाला?"