रविवारचे डबे

नागर महाराष्ट्रातील न्याहारीचा इतिहास लिहिणाऱ्या भावी संशोधकास तिचे दोन कालखंड पाडावे लागतील: पहिला कांदेपोह्यांचा आणि दुसरा प्रथिनांचा. पहिल्या कालखंडात माणसाला सकाळी भूक लागे आणि ताटलीत पडेल ते तो मुकाट्याने खाई. दुसऱ्यात तो आधी ग्रॅम मोजतो आणि भुकेने त्या हिशेबाशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा धरतो. पुणे, ठाणे किंवा नवी मुंबईतील एखाद्या सदनिकेत काचेचे हवाबंद डबे, ओट्याच्या कोपऱ्यात डिजिटल वजनकाटा आणि वार्षिक तपासणीचा अहवाल हाती पडल्यापासून गंभीर झालेला एक गृहस्थ अशा तिन्ही वस्तू एकत्र आढळल्या, की तेथे दुसरा कालखंड अवतरला असे निःशंक समजावे. या कालखंडाचा मुख्य विधी रविवारी होतो. त्यात पुढच्या पाच दिवसांची न्याहारी एकदाच शिजवून, डब्यांत भरून, वारांच्या चिठ्ठ्या लावून फ्रिजमध्ये रचली जाते.

विधीमागील शास्त्र मात्र हसण्यावारी नेण्याजोगे नाही. प्रथिने आणि तंतू, म्हणजे भाज्या व कडधान्यांतील न पचणारा चोथा, यांमुळे जठर सावकाश रिकामे होते, रक्तातील साखर एकदम उसळत नाही आणि अकराच्या सुमारास कचेरीतील माणसाचे लक्ष कामावरून बिस्किटांच्या पुड्याकडे वळत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढ माणसासाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण सांगितले. त्यानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाकाठी सुमारे ५४ ग्रॅम लागतात. बशीभर पोह्यांतून जेमतेम चार ग्रॅम मिळतात, म्हणून कांदेपोह्यांवर खटला उभा राहिला. त्यांत मूठभर शेंगदाणे व वाटीभर मटार घातले की आरोप बराचसा निकालात निघतो, हे कोणी आरोपीच्या वतीने मांडले नाही. साबुदाण्याच्या खिचडीला तर वकीलही मिळण्याजोगा नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅमांत प्रथिन एक ग्रॅमदेखील नाही, आणि दाण्याचा कूट वगळला तर चतुर्थीला माणसाबरोबर प्रथिनांचाही कडकडीत उपवास घडतो.

दुसऱ्या कालखंडाने आपले दैवत म्हणून रात्रभर दुधात भिजवलेले ओट्स निवडले. ओट्स भिजवून, त्यांत सफरचंद किसून खाण्याची पद्धत झुरिच येथील बिर्चर-बेनर या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या रुग्णांसाठी रुजवली, आणि ती रुग्णांसाठीच होती हे तिच्या चवीवरून आजही ओळखता येते. आधी करून ठेवायची, प्रथिनयुक्त आणि भाज्या सामावून घेणारी न्याहारी शोधत हा समाज झुरिचपर्यंत गेला, तेव्हा त्याच घरातील मांडणीवर भाजणीचा डबा उभा होता. भाजणीसाठी ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने व जिरे वेगवेगळे भाजले जातात, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा असतो आणि एकाच कढईत सगळे लोटले तर तांदूळ कच्चे राहतात व धने जळतात. भाजल्याने दाण्यातील ओल उडते, म्हणून गिरणीतून दळून आणलेले हे पीठ कोरड्या डब्यात दोन-तीन महिने सहज टिकते. तृणधान्यांत लायसिन हे ॲमिनो आम्ल, म्हणजे ज्यांच्या जोडणीतून प्रथिन बनते अशा घटकांपैकी एक, कमी पडते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत मेथिओनिन कमी पडते, ते धान्य पुरवते. त्यामुळे थालीपिठात दोघांची उणीव परस्परांत भरून निघते, आणि वर कांदा, मेथी, किसलेला दुधी किंवा कोबी जितका मावेल तितका मावतो. ज्या बायकांनी हे प्रमाण बसवले त्यांना लायसिन ठाऊक नव्हते आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. भाजणीचा दोष एवढाच, की तिच्या डब्यावर प्रथिनांचे ग्रॅम छापलेले नसतात, आणि छापील आकडा नसलेल्या पदार्थावर आधुनिक मनुष्य श्रद्धा ठेवू शकत नाही. ज्वारी-बाजरीलादेखील २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष उजाडेपर्यंत या सदनिकांत थांबून राहावे लागले.

आकड्यांवरील ही श्रद्धा मोड आलेल्या कडधान्यांच्या बाबतीत कळस गाठते. शंभर ग्रॅम कोरड्या मुगांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. मूग भिजून मोड आले, की तेच वजन दुपटीहून अधिक होते, पण वाढ पाण्याची असते. साहजिकच शंभर ग्रॅम ओल्या मुगांत प्रथिने निम्म्याहूनही कमी भरतात. वजनकाटेधारी गृहस्थ वाटीत ओले मूग मोजतो, आकडा कोरड्या मुगांचा लावतो आणि कागदावर पहिलवान होतो. मोड आणण्याचा खरा लाभ निराळाच आहे: क जीवनसत्त्व वाढते, लोह शोषले जाण्यात अडथळा आणणारे फायटेट कमी होते आणि मटकी पचायला हलकी पडते. मात्र ज्या ओलाव्यात व उबेत मोड फुटतात त्यातच जंतूही सुखाने वाढतात, म्हणून ती कच्ची न खाता वाफवून खावी, हा सल्ला कमी आकर्षक असला तरी अधिक खरा आहे.

गुरुवार हा या संप्रदायाचा कसोटीचा वार होय. शिजवलेले अन्न फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस ठीक राहते. शिजवलेला भात तासन्‌तास ओट्यावर निवत ठेवला, तर शिजण्यातूनही वाचलेले काही जिवाणूंचे बीजाणू त्यात वाढून विष तयार करतात, आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. तीन-चार दिवसांच्या मर्यादेमुळे रविवारी दुपारी भरलेला गुरुवारचा डबा शास्त्राच्या काठावर उभा असतो, आणि चवीच्या काठावरून तर तो बुधवारीच खाली पडलेला असतो. गृहस्थ झाकण उघडतो, हुंगतो, पालक घातलेल्या अंड्याच्या थंड वडीकडे दार्शनिक नजरेने पाहतो आणि स्टेशनबाहेरच्या गाडीवर दोन वडापाव खाऊन लोकल पकडतो. दीर्घकाळ टिकणारी ऊर्जा डब्यातच टिकून राहते. यावरचा उपाय साधा असून तो जुन्या स्वयंपाकघरांना पाठ होता. आधी करून ठेवायची ती तयारी, पदार्थ नव्हे. भाजणी महिन्यांची, वाटलेल्या मुगाचे पीठ दोन दिवसांचे, वाफवलेली मटकी तीन दिवसांची, सालासकट उकडलेली अंडी आठवड्याची, जवसाची चटणी त्याहून जास्त दिवसांची. सकाळी तव्यावर धिरडे टाकायला आणि त्यात गाजर किसायला दहा मिनिटे पुरतात.

येथे अभ्यासकास एका व्याकरणिक वैशिष्ट्याची नोंद घ्यावी लागते. या विषयावरील सर्व मार्गदर्शनात भाज्या चिरल्या जातात, मेथी निवडली जाते, डबे भरले जातात. कर्ता कोठेही सापडत नाही. तो सापडायचाच असेल तर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सापडतो. दिवसभरात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण त्यात ८१.२ टक्के आणि पुरुषांचे २६.१ टक्के निघाले. जे करतात त्यांतही स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे भरला. तेव्हा रविवारच्या दोन तासांत आठवडाभराची सकाळ मोकळी होते हे विधान खरे असले, तरी ते दोन तास एकीचे आणि मोकळी सकाळ दुसऱ्याची, असा त्याचा तपशील आहे. दिवाणखान्यात प्रथिनांवरील चित्रफीत चालू असते, आत घेवड्याच्या शिरा काढणे चालू असते, आणि सायंकाळी रचलेल्या डब्यांचे छायाचित्र जो काढतो त्यालाच लोक त्याच्या शिस्तीबद्दल विचारतात.

घरात ज्याला ग्रॅम तोंडपाठ आहेत त्याने यापुढे मटकी स्वतः निवडावी, शनिवारी सकाळी स्वतः भिजत घालावी, रात्री उपसून फडक्यात बांधावी आणि सोमवारचा डबाही स्वतःच घासावा. चार माणसांना एक वाटी कोरडी मटकी पुरते.