क्लच घरीच आवळा!

मारुती आठशेचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, ही बातमी जामखेडच्या बऱ्याच अंगणांत अजून पोचलेली नाही. तेच बरं. आठशे, ओम्नी, जुनी अल्टो या गाड्यांच्या क्लचला केबल असते, केबलच्या टोकाला नट असतो, आणि ज्याला नट आहे ते घरी करता येतं असा आपल्याकडचा दंडक आहे. हेच काम बीड रोडचा कुठलाही मिस्त्री दहा मिनिटांत करतो आणि वर चहा पाजतो. पण मग रविवार कसा घालवायचा? पुढचे धडे नीट गिरवले तर त्या दहा मिनिटांच्या कामात सोमवार-मंगळवारही सहज बसतात.

शिक्षणाची अट आहे का, असं काहीजण बिचकत विचारतात. बिचकू नका. याच गावात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना त्यांनी शिकवलं. त्या गावोगाव बाळंतपणं करू लागल्या, कुपोषण ओळखू लागल्या, आणि हे बघायला देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला यायला लागले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे साधा माणूस शिकून तज्ज्ञ होतो हे जामखेडनंच जगाला दाखवलंय. आपण त्यातला फक्त ‘शिकून’ हा शब्द गाळायचा.

१. रोग ठरवा.

क्लचचे रोग मुख्यतः दोन. पहिला, पेडल पार फळीला टेकवलं तरी गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना ‘कर्रर्र’ असा आवाज येतो. म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. दुसरा, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलतं पण गाडी जागची हलायला तयार नसते. म्हणजे क्लच पुरता धरत नाही. दोन्ही रोग एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्याला बहुधा केबल ताणल्यामुळं आलेली ढिलाई कारण असते, तिथं नट आवळायचा. दुसऱ्याला प्लेटची झीज, तिथं नट ढिला करायचा, आणि प्लेट फारच गेली असेल तर नटाला हातही लावायचा नाही. एवढं सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. आपल्या पद्धतीत दोन्हींवर एकच औषध: आवळा.

२. गाडी दारात, रस्त्याच्या तोंडाला लावा.

मागच्या वाड्यात सावली आहे, जमीन सपाट आहे, शांतता आहे. म्हणूनच तिथं नको. माणसं जमली नाहीत तर दुरुस्ती झाली असं कोण म्हणणार? हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी जात नाही, तुम्हीही जायचं नाही; क्लच दुसरा मिळतो.

३. हत्यारं जमवा.

खरं म्हणजे नटाच्या मापाचा एक पाना आणि चेकनट असेल तर तो धरायला दुसरा, एवढ्यावर भागतं. दोन्ही तुमच्याकडं होते. गेल्या वर्षी पाण्याच्या मोटारीला लागले आणि तिथंच विहिरीवर राहिले. तेव्हा पक्कड घ्या. पकडीचा मोठा गुण असा की चार-पाच वेळा फिरवल्यावर नटाचे कोपरे झिजून तो छान गोल होतो, आणि मग त्याला जगातला कुठलाच पाना लागत नाही. आधी गंज सुटायला थेंबभर तेल टाकून पंधरा मिनिटं थांबावं असं जाणकार म्हणतात. पंधरा मिनिटं थांबू शकणारा माणूस गॅरेजमध्येच नसता गेला का?

गाडीची पुस्तिका मात्र शोधू नका. ती पुढच्या कप्प्यात, जिल्ह्याचं जुनं नाव असलेल्या आरसी बुकाखाली, संपलेल्या पीयूसीच्या आणि मागच्या पूजेच्या सुपारीच्या संगतीत सुखानं पडलेली आहे. तिच्यात पेडलला किती खेळ ठेवायचा याचा नेमका आकडा दिलेला असतो. आकडा कळला की वाद मिटतो, आणि वाद मिटला की माणसं घरी जातात.

४. बॉनेट उघडा.

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. घाई करू नका. बॉनेट उघडल्यापासून चहा होईपर्यंत किमान चार तज्ज्ञ जमायला हवेत. जमले नाहीत तर बॉनेट एकदा जोरात आपटून पुन्हा उघडा.

इथून जवळ, याच तालुक्यात खर्ड्याला मार्च १७९५ मध्ये पेशवे, शिंदे, होळकर, भोसले असे सगळे एकत्र आले आणि त्यांनी निजामाला शरण आणलं. मराठे असे सगळे एका बाजूनं लढल्याची ती शेवटची मोठी लढाई, असं इतिहासात लिहितात. त्यानंतर इतके सरदार एका ठिकाणी दिसतात ते उघड्या बॉनेटभोवतीच. फरक एवढाच की इथं निजाम तुम्ही.

पहिले येतील ट्रॅक्टरवाले तात्या. त्यांचं सगळं ज्ञान ट्रॅक्टरवर पोसलेलं आहे आणि ते उत्तम ज्ञान आहे, ट्रॅक्टरसाठी. पावसाळ्यात ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहिला की प्लेट गंजून चिकटते, म्हणून काहीजण क्लचचं पेडल दाबून त्याला लाकूड अडकवून ठेवतात. तात्या हाच उपाय तुमच्या अल्टोला सुचवतील. “रातभर लाकूड लावून ठिव, सकाळच्याला बघ कसा मऊ व्हतो.” लावा. सकाळी केबल ताणलेली मिळेल आणि तुमच्या शिक्षणाला नवा विषय.

दुसरे निवृत्त एसटी ड्रायव्हर. क्लच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग गिअर टाकायचा, ही जुन्या गाड्यांची कला त्यांच्या डाव्या पायात अजून जिवंत आहे. गाडीनं काही त्रास दिला की आगारात लिहून द्यायचं आणि घरी यायचं, ही शिस्त त्यांनी नोकरीभर पाळली. पाना धरणाऱ्या माणसाला समोर उभं राहून सूचना द्यायची संधी त्यांना आज मिळते आहे. त्यांचा मान ठेवा, खुर्ची द्या.

तिसरे दाजी. दाजींना गाडीतलं काही कळत नाही, पण ते पाहुणे आहेत, त्यामुळं त्यांचं ऐकावंच लागतं. चौथा शेजारचा पोरगा, हातात मोबाइल घेऊन. त्यात एक जण हिंदीतून क्लच बसवून दाखवत असतो. गाडी दुसऱ्या कंपनीची असते. कुणीही हे बोलून दाखवायचं नाही.

५. नट शोधा.

पेडलपासून केबलचा माग काढत इंजिनाच्या बाजूला गिअरबॉक्सपर्यंत जा. तिथं एका लहान लिव्हरला केबलचं आटे पाडलेलं टोक येऊन मिळतं, त्यावर नट. सापडला? अभिनंदन. जो सापडला तो बॅटरीचा नव्हता ना, हे एकदा बघून घ्या.

नट सापडतच नसेल तर तुमच्या गाडीचा क्लच हायड्रॉलिक असण्याची शक्यता आहे. अशा गाडीत सहसा आवळायला काही ठेवलेलंच नसतं. तेलाच्या दाबावर सगळं चालतं आणि झिजेबरोबर ते आपलं आपण जुळवून घेतं. कंपनीनं तुमचा रविवार असा हिरावून घेतला, याचं आम्हालाही वाईट वाटतं. पण हताश होऊ नका, तेलाची डबी आहे. त्यात फक्त ब्रेक ऑइल चालतं. घरात इंजिन ऑइल उरलंय म्हणून तेच ओतणारे धाडसी लोक आहेत; त्यानं आतले रबरी सील फुगतात आणि क्लच निकामी होतो. कित्येक गाड्यांत ही डबी ब्रेकशी सामाईक असल्यामुळं एका ओतण्यात दोन कामं होतात. ज्यांना दुसरं काम नको असेल त्यांनी झाकण बंद करून चहा प्यावा.

६. खेळ मोजा.

पोराच्या कंपासपेटीतली पट्टी पेडलशेजारी उभी धरा. पेडल बोटानं हलकेच दाबा. सुरुवातीला ते काही न बोलता जातं, मग एकदम जड लागतं. त्या दोहोंमधलं अंतर म्हणजे खेळ. लहान गाड्यांत तो साधारण दीड-दोन सेंटीमीटरच्या आसपास असतो.

आता हा खेळ कशाला, ते ऐका, कारण पुढं तो तुम्हाला नाहीसा करायचा आहे. इंजिनाचं फिरतं चाक आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट चिमटलेली असते, तिच्यामार्फत इंजिनाचा जोर चाकांना जातो. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढं सरकून प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला रेटतं आणि चिमटा सुटतो. पाय काढला की बेअरिंगनं स्प्रिंगपासून जरा लांब उभं राहावं, म्हणून ती थोडी मोकळी जागा. ती नसेल तर बेअरिंग दिवसभर स्प्रिंगला घासत राहतं, चिमटा अर्धवट सुटलेला राहतो, प्लेट घसरते, तापते, जळते. शिवाय प्लेट जसजशी झिजते तसतशी ही जागा आपोआप कमी होत जाते. त्यामुळं जुन्या गाडीत पुष्कळदा नट ढिला करायची वेळ आलेली असते.

पण ढिला करा, असं जमलेल्यांपुढं म्हणून तर बघा.

७. आवळा.

पेडलला दीड सेंटीमीटर ढिलाई आहे हे कळल्याबरोबर सगळे एकमुखानं म्हणतील, “हे बघा, इथंच तर गोम आहे!” आपल्याकडं खाटेचा सुंभ, बैलगाडीची दोरी, पोराची शिस्त, सगळं ढिलं म्हणजे बिघडलेलं असतं. त्या नियमातून क्लच का सुटावा? अर्धा फेरा आवळा. पेडल दाबून बघा. अजून हलतंय? आणखी एक फेरा. दाजींना बसवा, त्यांना दाबायला सांगा. “घट्ट वाटतंय का?” “वाटतंय, पण अजून थोडं बसंल.” बसवा.

पेडलला बोट लावल्याबरोबर ते जड लागलं, खेळ शून्य झाला, की काम फत्ते झालं असं समजा. बॉनेट लावा. उरलेला वायसर खिशात टाका.

८. घाटात चाचणी घ्या.

क्लच घसरतोय का हे बघायची साधी रीत म्हणजे चढ. वरचा गिअर, ॲक्सिलरेटरवर जोर. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग चढला नाही तर क्लच घसरतोय. यासाठी जामखेडकरांना बालाघाटानं सौताड्याचा घाट फुकट दिला आहे. श्रावणी सोमवार निवडा. रामेश्वराला आणि धबधब्याला निघालेल्यांची रांग लागलेली असते, मागं बीडची एसटी, पुढं उसाची रिकामी ट्रॉली. दर वीस फुटांवर थांबायचं आणि चढावर पुन्हा उचलायचं. घरच्यांना सोबत घ्या. वजन जितकं जास्त, चाचणी तितकी खरी.

भाजल्यासारखा वास येईल. काच खाली करा आणि “पुढच्या ट्रकचा ब्रेक जळतोय” असं ठामपणे म्हणा. मागच्या सीटवरच्या आईंना पटेल. बायकोला पटणार नाही, पण ती घरी पोचेपर्यंत काही बोलणार नाही.

९. डावा पाय आहे तिथंच असू द्या.

गाडीत क्लचसाठी एकच वस्तू खरोखर घरच्या घरी, बिनखर्चात, पान्याशिवाय दुरुस्त करता येते: पेडलवर कायम टेकलेला तुमचा पाय. गिअर टाकून झाला की तो बाजूला घ्यायचा असतो. चढावर गाडी हँडब्रेकवर धरायची असते, हाफ क्लचवर तोलायची नसते. ३१ मे रोजी अहिल्यादेवींच्या जयंतीला चौंडीच्या रस्त्यावर गाड्या लागल्या की तासभर मुंगीच्या पावलानं सरकताना गिअर काढून पाय मोकळा सोडायचा असतो. एवढं केलं तर प्लेट वर्षानुवर्षं टिकते.

हा धडा अभ्यासक्रमात केवळ नियम म्हणून ठेवला आहे. यावर प्रश्न येत नाही.

१०. मिस्त्रीला बोलवा.

गाडी घाटातून टोचन करून आणा. मिस्त्री पेडल एकदा दाबेल, बॉनेट उघडेल, गोल झालेल्या नटाकडं बघेल आणि विचारेल, “कुणी हात लावला होता का हो?” “नाही बुवा.” हे उत्तर घरूनच पाठ करून जा. तात्या, दाजी आणि ड्रायव्हरकाका या वेळी कुठंही दिसणार नाहीत.

तो गिअरबॉक्स उतरवेल आणि काळी ठिक्कर, रिव्हेट उघडे पडलेली प्लेट हातात देईल. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदमच बदलायला सांगेल. यात तो तुम्हाला फसवत नाही. गिअरबॉक्स दोनदा उतरवायची मजुरी वाचते. सामान जामखेडात नसेल तर नगरहून येईल. नगरचं सामान उद्या येतं. उद्या म्हणजे परवा.

गाडी ताब्यात घेताना पेडलला पुन्हा दीड-दोन सेंटीमीटर खेळ दिसेल. तो राहून गेलेला नाही, मिस्त्रीनं ठेवलेला आहे. घरी पोचेपर्यंत त्याबद्दल दाजींना फोन करू नका.

११. गाडी विका.

अनुभवी साधक इथवर येतातच. जाहिरात अशी द्या: ‘एमएच १६, एकहाती, क्लच प्लेट नवी, मालकानं स्वतः मेंटेन केलेली.’ शेवटचे तीन शब्द ठळक छापा. जाणत्या गिऱ्हाइकाला तो इशारा वाटतो आणि नवख्याला शिफारस, आणि तुम्हाला नवखाच हवा आहे. चालवून बघतो म्हणाला तर किल्ली हसत द्या आणि नगर रोडनं पाठवा. तो रस्ता सपाट आहे.