काडतूस आणि करंजी

लिंकन, नेब्रास्का

ती. बाबा आणि आई यांना सा. नमस्कार.

‘इकडे लोक हौस म्हणून घरी गोळ्या करतात’ हे वाक्य ऐकलं की आईच्या डोळ्यांपुढे सुंठ-गुळाच्या गोळ्या येणार आणि बाबांच्या डोळ्यांपुढे ‘तीन जिवंत काडतुसे जप्त’ ही बातमी. त्यात ‘दारूही घरीच भरतात’ असं म्हटलं तर दोघांचाही समज पक्का होणार. म्हणून हे सविस्तर पत्र. पिस्तुलाच्या वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचा हा छंद, रीलोडिंग, शूरवीरांचा नाही. जमाखर्चाची वही ठेवणाऱ्यांचा आहे, असं आमचं मत झालं आहे. आमच्या घरात यातलं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण या राज्यात हा विषय टळत नाही. इथल्या ग्रँड आयलंड गावात हॉर्नडी ही कंपनी १९४९पासून हेच करते आहे: गोळ्या आणि त्या भरायची अवजारं.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की तिघांचं काम संपतं, पुंगळी मात्र जिवंत राहते, आणि चौघांत महाग बहुधा तीच. आता सांगा, पितळेचं भांडं एकदाच वापरून फेकून देणारी बाई आपल्याकडे कुणी पाहिली आहे का? नेमबाजीच्या मैदानावर कमरेत वाकून पुंगळ्या वेचणारा अमेरिकन गृहस्थ नेमका याच संस्कारातला. घरी नेऊन तो त्या अक्रोडाच्या टरफलाच्या नाहीतर मक्याच्या बुरकुंडाच्या भुग्यात तासन्‌तास घुसळून चकचकीत करतो. चिंच त्याला ठाऊक नाही, एवढाच काय तो फरक.

पुढची कृती तर आईने ऐकावीच. दाबयंत्रात साचा बसवून पुंगळी पूर्ववत मापात आणायची, जुनी टिकली काढून नवी बसवायची, तोंड किंचित फाकवायचं, मोजून सारण भरायचं, गोळी ठेवायची आणि कड दाबून मुरडायची. ही करंजी नाही तर दुसरं काय? करंजीत सारण जास्त झालं की ती कढईत फुटते. इथे फुटते ती हातातली बंदूक. पॉइंट थर्टी-एट स्पेशल हे १८९८च्या सुमाराचं रिव्हॉल्व्हरचं काडतूस घ्या. त्याची पुंगळी जुन्या काळ्या दारूच्या बेताने ऐसपैस केलेली. आजची धूरहीन दारू लागते थोडी, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी ती आत सुखाने मावते आणि बाहेरून काही कळत नाही. उलट, दारू भरायचीच राहिली तर नुसत्या टिकलीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि मागून दुसरी झाडणाऱ्याचं काही खरं नसतं. म्हणून सराईत माणूस प्रत्येक पुंगळीत दिवा धरून डोकावतो, छापील कोष्टकाबाहेर जात नाही आणि प्रत्येक घाण्याची नोंद ठेवतो. बेधडक माणसाला हा छंद झेपणारच नाही.

वजनाचं तर विचारूच नका. माप ग्रेनचं, एका पौंडात सात हजार ग्रेन. इंग्रजांनी हिंदुस्थानात तोळा ठरवला तोही १८० ग्रेनचाच. पॉइंट फॉर्टी पिस्तुलाची नेहमीची गोळी १८० ग्रेनची, म्हणजे बरोबर एक तोळा! दारू मात्र ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. गुंजेचा एकोणिसावा भाग म्हणा. आपल्या पेठेतला सोनारसुद्धा इतका कंजूष नसेल.

बाबा विचारतील, मग पैसे वाचतात का? दर काडतुसामागे सहसा वाचतात. पण यंत्र, साचे, तराजू यांचा खर्च आधी फिटायला हवा, आणि काडतूस स्वस्त पडलं की माणूस जास्त झाडतो, त्यामुळे महिन्याचा खर्च तिथेच राहतो. घरच्या फराळाचं गणित असंच नाही का? स्वस्त पडतो म्हणून दुप्पट करायचा. २०२०च्या साथीत दुकानांतली काडतुसं संपली तेव्हा हे लोक निश्चिंत असतील असं वाटेल, तर प्रायमरच मिळेनासे झाले. पुंगळ्यांच्या बरण्या भरलेल्या आणि टिकल्या नाहीत.

घर उडेल या भीतीत तथ्य थोडं आहे. ही धूरहीन दारू उघड्यावर पेटली तर भसकन जळते, काळ्या दारूसारखी स्फोटक नाही. तरी अग्निसुरक्षेच्या प्रमाण नियमांत घरी मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंतच ठेवावी अशी मर्यादा आहे. शिशाचं भय मात्र खरं. प्रायमरच्या राखेत ते असतं, म्हणून भुगा चाळताना धूळ उडवायची नाही आणि हात धुतल्याखेरीज जेवायचं नाही. आजीचं सोवळं इथे शास्त्र ठरतं.

आणि परवाना? इकडच्या केंद्रीय कायद्यात स्वतःपुरतं भरायला लागत नाही, विकण्याचा धंदा केला की लागतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळा बनवायलाच परवाना हवा, म्हणून मामाने उत्साहात काही सुरू करू नये. शेवटी गोळी ती गोळीच, तिचं दुसरं टोक कुणाकडे रोखलेलं आहे हा प्रश्न करंजीला पडत नाही, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. फक्त ज्याच्या डोक्यात वाईट आहे त्याला पेटीभर काडतुसं दुकानात आयती मिळतात. तो रविवारी पाच तास तराजूपुढे कशाला बसेल?

एक गंमत राहिली. जुनी टिकली एका सुईने सहज ढकलता येते ती बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या रचनेमुळे. बर्डन या अमेरिकनाच्या रचनेत ते जिकिरीचं. दोन्ही १८६६च्या. अमेरिकेने इंग्रजाची उचलली, युरोपात अमेरिकनाची रुळली.

दिवाळीआधी पितळी सोऱ्या आणि त्याच्या सगळ्या चकत्या पाठवा. पार्सलच्या कागदावर मात्र ‘पितळी दाबयंत्र, साच्यांसह’ असं लिहू नका. या राज्यात त्याचा अर्थ वेगळा होतो. ‘चकलीचं भांडं’ पुरे.

आपली,
लिंकनकर मंडळी