मुळी पांढरी, धंदा काळा

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला आता पाऊस, भाव, वीज असलं काही नको आहे. त्याला पांढरी मुळी हवी. बाटलीवर पांढरी मुळी, डब्यावर पांढरी मुळी, मेळाव्याच्या फ्लेक्सवर कंपनीच्या साहेबांच्या तळहातावर पांढरी मुळी.

नवी मुळी पांढरीच असते. हिरवी किंवा जांभळी फुटल्याचं निदान आमच्या शिवारात तरी ऐकिवात नाही. पाऊस उघडला, वाफसा आला, जमिनीत हवा खेळली की ती फुटते. आजोबा ढेकूळ मुठीत दाबून वाफसा ओळखायचे. मुळांना प्राणवायू लागतो, हे कृषी विद्यापीठही शिकवतं. दोघांचं एकमत, तरी दोघं हरले. वाफशाला बूच नाही, लेबल नाही, त्यावर दोन लिटरला एक छत्री फ्री नाही.

साहेब बाटलीतल्या औषधाची आळवणी सांगतात तीही नेमकी वाफशाच्या तोंडावर. आठव्या दिवशी येतात, आल्याचा गड्डा उपटतात, मुळ्या बाटलीबंद पाण्याने धुतात आणि मोबाइल काढतात. एखाद्या आगाऊ पोराने विचारलंच, की दोन सऱ्या बिनऔषधाच्या ठेवल्या असत्या तर फरक कळला असता, तर साहेब कळवळतात, "दादा, दोन सऱ्यांचं नुकसान कशाला करून घेता?" तिकडे संशोधक बिचारा बिनऔषधाचा तुकडा ठेवणार, तोच प्रयोग चार जागी, तीन हंगाम करणार आणि शेवटी लिहिणार, 'लक्षणीय फरक आढळला नाही.' या वाक्यावर कोणी शिट्टी मारेल का? त्यापेक्षा मुळीच बरी. उद्या सोयरीक जमवताना मुलीचे मामा घर न बघता थेट प्लॉटवर जातील आणि एक झाड उपटतील. पत्रिकेत छापतील, 'दहा एकर बागायत, निर्व्यसनी, मुळी पांढरी.' मग तलाठीभाऊंना सातबाऱ्यावर एक रकाना वाढवावा लागेल आणि मुळीचा रंग बदलला म्हणून भाऊबंदकीचे दावे पडतील.

बाटलीतल्या या औषधांना, म्हणजे जैव-उत्तेजकांना, केंद्राने 1985च्या खत नियंत्रण आदेशात घेतलं ते 2021मध्ये. तोवर आम्ही मुळ्या धूत बसलो होतो.

आणि शेतकरी भोळा म्हणून फसतो, हे मला कोणी सांगू नये. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, हा छापील भाव. ऐन हंगामात मागायला जा. "सोबत ही बाटली घ्यावी लागेल, वरून लिंकिंग आहे." कोण हा वरचा? पीक पिवळं पडत असताना रांगेत उभा असलेला माणूस वाद घालत नाही, बाटली घेतो. पैसे गेलेत म्हणून ती पिकाला सोडतो, सोडली की आठ दिवसांनी मुळी दिसतेच, आणि पुढच्या मेळाव्यात फेटा बांधून तोच फ्लेक्सवर उभा, 'प्रगतिशील शेतकरी'. ही उघड वाटमारी आहे, आणि लुटलेल्याचाच फोटो जाहिरातीत छापून केलेली.

त्या बाटलीचं पक्कं बिल मागून बघा. युरिया तेवढ्यात संपतो.